दहा मिनिटांत नाही आलो तर

आमच्या समोरच्या दारात राहणारा गमरे कचऱ्याची पिशवी जिन्याखाली ठेवायला निघाला तरी आधी माझी बेल वाजवतो. मी कणकेच्या हातानं दार उघडते. तो बनियनवर उभा, हातात गळकी पिशवी.

"काकी, माझी चावी आहे ना खिळ्यावर?"

"आहे रे बाबा."

"दाखवा."

मग मी आत जायचं, खिळ्यावरची चावी काढायची, दारात येऊन त्याला दाखवायची. ती त्यानं नीट बघायची. मग म्हणायचं, "मी दार ओढतोय. दहा मिनिटांत नाही आलो तर उघडा." आणि दोन जिने उतरून दीड मिनिटात परत यायचं. आल्यावर पुन्हा बेल. "आलो काकी. ठीक."

सात वर्षं हे चाललंय. दूध, पेपर, इस्त्री, कचरा. माझा कणकेचा हात दाराच्या कडीला इतका लागलाय की कडी आता पांढरीच झालीय.

अनंत गमरे, वय छप्पन, एकटा. मूळचा दापोलीकडचा. रबाळ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं बघायचा, आता नोकरी सोडून घरूनच कायकाय कामं करतो. आम्ही नेरूळला शिरवणे गावाच्या बाजूला राहतो, जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये. एका मजल्यावर दोनच दारं. म्हणजे माझ्या दाराला त्याच्याशिवाय आणि त्याच्या दाराला माझ्याशिवाय बघायला काही नाही. माझी चावी त्याच्या खिळ्यावर, त्याची माझ्या. ही व्यवस्थाही त्याचीच.

"परतीची वाट आधी, काकी. मग पाऊल." हे त्याचं वाक्य. लिफ्टमध्ये शिरताना एक पाय बाहेर ठेवून आतला पंखा चालू आहे का बघतो. नवा कुकर घेतला तेव्हा सहा महिने जुना टाकला नाही. एक दिवस नव्यात डाळ, एक दिवस जुन्यात, जुन्याला वाटायला नको की आपली गरज संपली. ट्यूबलाइट गेली तर नवी लावून, ती पेटली की काढून, जुनी परत लावून बघतो. म्हटलं, "अरे, जुनी गेलीय म्हणून तर बदलतोस ना?" तर म्हणाला, "गृहीत धरायचं नाही."

माझ्या भाचीच्या लग्नात तर कहर केला. पाठवणीची वेळ, पोरगी रडतेय, तिची आई रडतेय, आणि हा पुढे होऊन तिला विचारतो, "घरची चावी घेतलीस ना?" सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पोरीनं खरंच पर्समध्ये चावी टाकली. दीड वर्षानं एका दुपारी ती त्याच चावीनं दार उघडून आत आली, बॅग घेऊन, कोणाला बेल न वाजवता. तेव्हापासून गमरेला मी नावं ठेवते, पण जपून ठेवते.

त्याची एक गोष्ट मात्र सात वर्षांत मला कळली नव्हती. सकाळी बरोबर आठ वाजता त्याच्या फोनवर टिंग होतं. पॅसेजमध्ये असला, माझ्या दारात असला, कुठंही असला तरी तो बोलणं अर्धं सोडतो, मेसेज वाचतो, फोन शर्टाच्या खिशात घालतो आणि खिशावर हात ठेवून दोन क्षण उभा राहतो. मग म्हणतो, "हां, काय म्हणत होतो?"

"कोणाचा रे?"

"काही नाही. नेहमीचंच."

मला वाटायचं बँकेचा असेल.

आता हजेरीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय गमरे कळायचा नाही.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यानं एक सोय केलीय. तिचं नाव हजेरी. रोज सकाळी आठच्या आत त्या माणसानं एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. दिला, म्हणजे तुम्ही उठलात, जिवंत आहात. नाही दिला, तर आठच्या ठोक्याला तुमच्या मुलाला, सुनेला, ज्याचं नाव दिलंय त्याला मेसेज जातो. पैसे नाहीत, काही नाही. सुरुवातीला चाळीसच्या वर माणसं होती. मग काही मुलांकडे गेली, काही कायमची गेली, काहींना मुलांनी हातात बांधायचं घड्याळ घेऊन दिलं. राहिली अकरा. सानपाड्याच्या एक आजी आहेत, त्या गावाला गेल्या की शेजारणीला बजावून जातात, रोज माझा मिस्ड कॉल दे म्हणून. गमरेनं डोक्याला हात लावला. "काकी, आता शेजारीण जिवंत आहे एवढंच मला कळतं."

त्या अकरांत अकरावी मी आहे, हे मला फार उशिरा कळलं. मी स्पष्ट नाही म्हटलं होतं. मी धडधाकट आहे, मला कसली हजेरी? तर हा रोज दाराच्या भोकातून बघायचा, माझी दुधाची पिशवी आत गेली का. गेली की माझ्या नावापुढे स्वतःच खूण करायचा. एकदा मी अंघोळीला आधी गेले आणि दूध बाहेरच राहिलं. बाहेर येते तर हा माझ्या हॉलमध्ये, हातात माझी चावी, पांढराफटक चेहरा. "काकी, आहात?" मी टॉवेल गुंडाळलेल्या डोक्यानं म्हटलं, "अजून आहे. तू जा आता." चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी दूध आत घ्यायला पाच मिनिटं उशीर झाला तर मीच धावत गेले, उगाच त्याच्या जिवाला घोर नको.

तर ही हजेरी चालते एका मशीनवर. त्याला सर्व्हर म्हणतात. ते आहे समुद्रापलीकडे, कुठल्याशा थंड देशात, भाड्यानं घेतलेलं. गमरेनं ते कधी डोळ्यांनी बघितलेलं नाही. इथून फक्त त्याच्याशी बोलायचं, टाइप करून. एवढ्या लांब का, तर सगळ्यात स्वस्त तेच मिळालं. इतकं स्वस्त, की तिथल्या कोणाला "जरा बटण दाबा हो" म्हणायचीसुद्धा सोय नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या भाडेवाल्यांचं पत्र आलं. मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टिम फार जुनी झाली. महिनाअखेरपर्यंत नवी टाका, नाहीतर आम्ही मशीन बंद करू.

गमरेनं ते पत्र मला वाचून दाखवलं आणि माझ्या सोफ्यावर बसला तो उठेचना.

"टाक ना मग नवी," मी म्हटलं.

"काकी, ती काय गादीची खोळ आहे? तो त्याचा मेंदू आहे. बदलताना त्याला झोपवावं लागतं. झोपला की तो माझ्याशी बोलायचा बंद. परत उठून बोलला तर आपला. नाही बोलला तर गेला. मी इथं, तो तिथं. जाऊन हलवू पण शकत नाही."

मी सातवी शिकलेली, पण तीस वर्षं डबे केलेत. मला ते लगेच कळलं. कुकर गॅसवर आहे, तुम्ही परगावी आहात आणि फोनवरून सुनेला शिट्टीखालचा व्हॉल्व्ह बदलायला सांगताय. शिवाय सून बोलत नाही.

त्याच्या भीतीला कारण होतं. नोकरीत असताना त्यानं घरी बसून द्रोणागिरीच्या एका गोदामातलं मशीन दुरुस्त करायला घेतलं आणि चुकून बाहेरच्या सगळ्यांना त्याचं दार बंद केलं. बाहेरच्यांत हा पण आला. मग भर दुपारी उरणच्या रस्त्यानं, कंटेनरच्या रांगेत अडीच तास अडकून, तिथं जाऊन एक बटण दाबलं आणि परत आला. "एक बटण, काकी. या बोटानं." ते बोट तो अजून दाखवतो.

"मग सोड ना," मी म्हटलं. "अकरा तर माणसं. रोज सकाळी फोन कर सगळ्यांना. दहा मिनिटांचं काम."

"मी फोन करणार. आणि मी नसलो त्या दिवशी?"

मी चहा टाकला.

तीन आठवडे त्यानं तयारी केली. मशीनमध्ये म्हणे दोन खोल्या केल्या. एकीत जुनी सिस्टिम तशीच ठेवली, दुसरीत नवी मांडली. मशीनला सांगून ठेवलं, की आता फक्त एकदा नव्या खोलीतून ऊठ. उठल्यावर दहा मिनिटं माझी वाट बघ. मी येऊन "ठीक" म्हटलं तर तिथंच राहा. नाही म्हटलं तर समज माझं काहीतरी झालं, आणि आपलं आपण झोपून जुन्या खोलीतून ऊठ.

"दहा मिनिटांत नाही आलो तर," मी म्हटलं.

"तेच," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

रविवार ठरला. सकाळी आठची हजेरी झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत मशीनला काम नसतं, म्हणून दहाची वेळ. मला साक्षीदार म्हणून बोलावलं. मी गॅस बंद केला, समोर तर जायचं म्हणून दार नुसतं लोटलं आणि गेले. त्यानं तीनदा सगळं तपासलं, मला एकदा नमस्कार केला, उगाचच, आणि एंटर दाबलं.

मशीन गप्प झालं. पडद्यावर एकच रेघ, लुकलुकतेय. एक मिनिट. दोन. गमरेच्या कपाळावर घाम, पंखा पाचवर. चार मिनिटं झाली आणि पडद्यावर भराभर अक्षरं आली.

"आलं," तो म्हणाला. "काकी, नवं आलं."

"मग ठीक म्हण की त्याला."

इथं दुसरा कोणी असता तर म्हणाला असता. पण हा गमरे. "असं कसं? खरंच ठीक आहे का बघायला नको? तुमच्या फोनवरून मिस्ड कॉल द्या. तो नोंदवला गेला तर ठीक. नऊ मिनिटं आहेत."

माझा फोन घरी. मी उठले, पॅसेजमध्ये आले. मागनं हा, "सावकाश काकी, टाइम आहे" म्हणत. तेवढ्यात माझ्या बाल्कनीतून वारा आला. खाडीकडचा वारा, आमच्याकडे तो असा अचानकच येतो. त्याचं दार धाडकन लागलं.

दोघं थांबलो. गमरेनं खिसे चाचपले. चावी आत, फोन आत. पण तो घाबरला नाही. उलट तोंडावर एक समाधान आलं, सात वर्षांच्या तपश्चर्येचं फळ मिळाल्यासारखं. "काही हरकत नाही. माझी चावी तुमच्या खिळ्यावर आहे."

मी वळले. माझं दारही लागलं होतं. त्याच वाऱ्यानं.

"काही हरकत नाही," तो म्हणाला, "तुमची चावी माझ्या..." आणि थांबला.

मी आयुष्यात माणसांचे चेहरे पडताना बघितलेत. असा नाही बघितला.

वॉचमनला हाक मारली. तो खालूनच ओरडला, "चावीवाला स्टेशनला असतो, आणतो, पण आज संडे हाय, टाइम लागंल." गमरेनं दाराला खांदा लावून बघितला. दार त्यानंच मजबूत बसवून घेतलेलं. मग पायरीवर बसला, मनगटावरचं घड्याळ समोर धरून.

"सात राहिली."

मी शेजारी बसले. गुडघे दुखतात, पण बसले.

"पाच."

"अनंता, जुनं तर परत येईल ना? मग एवढं काय?"

तो घड्याळाकडे बघतच म्हणाला, "माझी आई गावाला एकटी होती. मी बोलावलं तर यायची नाही. म्हणायची, आतून कडी लावते मी, मला कसली भीती. बाहेरून उघडायचं कोणाला सुचलं नाही, काकी. लोकांना वाटलं माझ्याकडे आलीय. मला वाटलं शेतावर असेल. दोन दिवस."

खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"दोन राहिली," तो म्हणाला. मग, "संपली."

चावीवाला तासाभरानं आला. आत गेलो. पडद्यावर जुनी सिस्टिम, जशीच्या तशी, काही झालंच नाही अशी. गमरे खुर्चीत बसला.

"त्यानं बरोबर केलं," तो म्हणाला. "मी बोललो नाही म्हणजे मी गेलो, असं त्याला वाटलं. तसंच शिकवलं होतं मी."

त्यानंतर चार दिवस माझी बेल वाजली नाही. कचरा त्याच्या दारातच साठला. दोनदा जाऊन आले तर म्हणाला, "राहू दे काकी. बंद पडायचं ते पडणारच. अकरातले कुर्ल्याचे काका पण मुलाकडे चाललेत पुढच्या महिन्यात. दहा होतील. मग नऊ. कोणासाठी एवढं करायचं?" मला त्याला खोटं सांगता येईना. माझा मुलगा पुण्याला आहे, त्याचा फोन येतो तो फोनवर आलेले आकडे विचारायला, "आई, ओटीपी सांग." कोणासाठी करायचं हा प्रश्न मी तेवीस वर्षांपूर्वी, आमचे हे गेले तेव्हाच, विचारायचा सोडला होता. कणीक मात्र रोज दोघांची मळते, अर्धी त्याला जाते, एवढंच.

पाचव्या दिवशी सकाळी मी मुद्दाम दूध बाहेर ठेवलं. सव्वासात. साडेसात. पावणेआठला माझ्या कुलपात चावी फिरली. तो दारात उभा, दाढी वाढलेली. मी सोफ्यावर बसून त्याच्याकडे बघत होते.

"हे बरं नाही काकी," तो म्हणाला.

"नाहीच बरं. म्हणून रविवारी परत कर. यावेळी मी फोन घेऊन येते."

महिन्यातला तो शेवटचा रविवार. दोन्ही दारांत त्यानं चपला अडकवल्या, माझ्या दारात माझी, त्याच्या दारात त्याची. दोन्ही चाव्या गळ्यात, सुतळीला बांधून. एंटर दाबलं. रेघ लुकलुकली. साडेचार मिनिटांनी नवं उठलं. मी मिस्ड कॉल दिला. पडद्यावर यादी उघडली आणि माझ्या नावापुढे खूण झाली. मग त्यानं "ठीक" म्हटलं, टाइप करून आणि तोंडानंही.

मी यादी वाचत होते. मला सवय आहे, डब्याची यादी मोजल्याशिवाय कधी डबे सोडले नाहीत.

"अनंता, अकरा ना आपण? इथं बारा आहेत."

"पहिलं मोजायचं नाही," तो म्हणाला. "ते टेस्टिंगसाठी घातलं होतं. सुरुवातीला." आणि पडदा बंद केला.

"मग झालं ना सगळं?"

"कोणाला माहीत. आठचा मेसेज जातो का ते उद्या आठलाच कळणार. आणि सगळ्यांनी हजेरी दिली तर मशीन गप्पच बसतं, काकी. सगळं ठीक असलं तरी गप्प, मेलं असलं तरी गप्प."

सोमवारी पावणेआठला मी चहा घेऊन त्याच्याकडे गेले. चपला पुन्हा दारांत होत्या. त्यानं फोन टेबलावर मधोमध ठेवला होता. अकराच्या अकरा जणांनी हजेरी दिली होती. कुर्ल्याच्या काकांनीसुद्धा, मुलाकडे जायचं सामान बांधता बांधता. म्हणजे कोणाला काही कळवायची गरज नव्हती. तरी आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो.

आठ वाजले. काही नाही. गमरेनं कप उचलला आणि न पिता ठेवला. आठ वाजून गेले, मला घड्याळाकडे बघवेना.

टिंग.

त्यानं वाचलं. मग आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. फोन माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावून वाचलं.

"क्रमांक १. सखूबाई गमरे यांनी आज हजेरी दिलेली नाही. कृपया चौकशी करावी."

"चला," तो म्हणाला. "चालू आहे मशीन."

आणि खिशावर हात ठेवायला गेला, पण फोन माझ्या हातात होता. हात तसाच रिकाम्या खिशावर राहिला.

मी पुन्हा तो मेसेज वाचला. त्यात काय करायचं ते लिहिलेलंच होतं. सात वर्षं रोज येत होतं, आणि आजपर्यंत कोणी ते केलं नव्हतं.

"अनंता," मी म्हटलं, "कशी होती रे तुझी आई?"

त्यानं खिशावरचा हात काढला. मग म्हणाला, "उंच होती. माझ्यापेक्षा. दारातून आत यायची तर वाकायची." आणि बोलायला लागला. नऊ वाजले, माझी कामवाली येऊन बेल न वाजवता बघून गेली, चहावर साय धरली. दार उघडंच होतं, चपलेवर.